बाहेरचा वाटा

शांतवनकाका कुणाच्याही घरी आले की बसण्याआधी चुलीपाशी जात आणि भांड्यांवरची झाकणं उचलून बघत. परवानगी वगैरे भानगड नाही. दारात चपला काढल्या, "सलाम" म्हणाले, की सरळ आत. डाळीच्या पातेल्यावरचं झाकण वर, नजर आत, झाकण खाली. मग भाकरीची टोपली. मग शिंक्यावर काही असेल तर टाचा उंचावून तेही. एवढं झालं की बाहेर येऊन खुर्चीवर बसायचे, टोपी मांडीवर ठेवायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "हां, आता बोला."

छावणीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत यावरून भांडणं झालेली आहेत. एका लग्नघरी वऱ्हाड यायच्या आधी त्यांनी बिर्याणीची डेग उघडली, तेव्हा नवरीच्या मामाने त्यांचा हात धरला. काका त्याला म्हणाले, "हात सोडा, वाफ चाललीय." मामाने हात सोडला. काकांशी बोलताना माणसाला आपणच काहीतरी लपवतोय असं उगाच वाटायला लागे.

त्यांना ही खोड का होती, ते सांगायचं तर आधी आमच्या मंडळीचा एक जुना ठराव सांगायला हवा. रविवारच्या दानथैलीत जे पडतं, बाप्तिस्म्याला, लग्नाला, पोरगं पास झालं म्हणून लोक जे उपकारस्तुतीचं दान देतात, आणि कापणीच्या सणाला आणलेल्या ज्वारी, कोंबड्या, भोपळ्यांचा लिलाव होऊन जे येतं, त्या सगळ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीबाहेर द्यायचा, असा तो ठराव. विश्वासणाऱ्याने आपल्या कमाईचा दशमांश देवाच्या घराला द्यायचा, तर देवाच्या घरानेही कुणाला तरी द्यायला नको का, असा जुन्या वडीलमंडळींचा विचार. आम्ही त्याला बाहेरचा वाटा म्हणत असू. तो गावाबाहेरच्या कुष्ठधामाला जाई, सरकारी दवाखान्यात ज्यांना औषध विकत घेणं झेपत नाही त्यांना जाई, शाळेच्या फीसाठी अडलेल्या पोरांना जाई. जातधर्म विचारायचा नाही. घेणारा आपल्या मंडळीतला नसावा आणि गरज खरी असावी, एवढंच. आणि गरज खरी आहे का हे ठरवायला मंडळीच्या पंचांनी नेमलेले चौकशीचे वडील म्हणजे शांतवनकाका.

काका मूळचे निजामाच्या करोडगिरी नाक्यावरचे कारकून. संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायचं खातं ते. नगरच्या रस्त्यावर, गोदावरीच्या अलीकडे त्यांचा नाका होता. बैलगाडी थांबवायची, गाठोडं सोडायला लावायचं, आत हात घालायचा. पोलीस ॲक्शननंतर संस्थान गेलं, पुढे करोडगिरीही गेली, आणि काका नगरपालिकेच्या जकात नाक्यावर आले. म्हणजे राज्य बदललं, झेंडा बदलला, पण काकांचा हात दुसऱ्याच्या गाठोड्यातच राहिला. त्यांची भाषाही जुन्या दफ्तरातली. चौकशीला ते 'दरियाफ्त' म्हणत. पंचांच्या बैठकीत उभे राहून सांगत, "अर्जदार हाजीर. घराची हालत खस्ता. चुलीवर एक पातेलं, त्यात पाणी जास्त, डाळ कमी. सिफारिश." किंवा नुसतंच, "नामंजूर." मग खाली बसत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "झाकण उघडून आलोय."

मी लहान असताना आमच्या शेजारी खैरुन्निसाबी राहत. नवरा गेलेला, कपडे शिवून दोन पोरं वाढवत होत्या. थोरल्याच्या फीसाठी त्यांनी अर्ज केला. नेमका ईस्टरचा आठवडा. आमच्या आईने त्यांना वाडगाभर मटण पाठवलं, आणि ते ठेवून मी वळते न वळते तोच काका आत शिरले. झाकण उचललं. आत मटण. खैरुन्निसाबींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या शपथा घ्यायला लागल्या, मी रडायला लागले की ते आमचं आहे, आणि काका त्या वाडग्याकडे पंचनाम्याला आल्यासारखे बघत उभे. मग झाकण ठेवून निघून गेले. आई दिवसभर स्वतःला दोष देत होती.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, सकाळीच. झाकण उचललं. भांड्यात रात्रीचं ताक होतं आणि त्यात भिजत घातलेले भाकरीचे तुकडे. काका म्हणाले, "एका दिवसाच्या मटणानं माणूस अमीर होत नाय, बी. पण बघावं लागतं." फी मंजूर झाली. जाताना त्यांनी आमच्याही घरात डोकावून आमच्या पातेल्यात काय उरलंय ते बघितलं, तेव्हा मात्र आईने झाकण त्यांच्या हातून काढून घेतलं.

चर्चचे नवीन पाळकसाहेब नगरहून आले, तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला काका स्टेशनवर गेले. टांग्यात बसता बसता सवयीने विचारलं, "पेटीत काय?" पाळकसाहेब तरुण, नवखे. त्यांना वाटलं इथली रीतच असेल. त्यांनी भर रस्त्यात पेटी उघडली. काकांनी पुस्तकं बाजूला सारली, झगा उचलून बघितला, तळाशी चिवड्याची पुडी सापडली तीही हुंगली आणि म्हणाले, "ठीक आहे, चला." ही गोष्ट पाळकसाहेब स्वतःच पुढे हसून सांगत. 

लबाडांवर काकांचा राग नसे. रेल्वे स्टेशनाजवळ एक जण पायाला चिंध्या गुंडाळून बसायचा. त्याने अर्ज केला. काकांनी त्याच्या मागावर राहून पाहिलं तर तो संध्याकाळी चिंध्या सोडून तरातरा चालत घरी निघालेला. काकांनी त्याला गाठलं, चहा पाजला आणि सांगितलं की जखम आतल्या अंगाला असते तेव्हा माणूस पाय असा पुढे टाकत नाही. अर्ज अर्थातच नामंजूर.

कुष्ठधामाचा वाटा मनीऑर्डरने पाठवावा असं बाकीच्या पंचांचं म्हणणं. काका स्वतः घेऊन जात. तिथेही स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडत, आणि मग त्या लोकांच्या पंगतीला बसून जेवत. हे कळल्यापासून रविवारच्या भक्तीला त्यांच्या बाकावर कुणी बसेना.  काका छत्री, टोपी आणि गीतांचं पुस्तक बाकावर पसरून ठेवायचे.

मोठेपणी मी शाळेत शिक्षिका झाले आणि पंचांत निवडून आले. पंचांत बाई म्हणून पहिलीच. बैठकीत काका मला "सुमतीबाई" म्हणत, दाराबाहेर पडलं की "पोरी". एकदा कुष्ठधामाकडून परत येताना मी त्यांना विचारलं की माणसांना विचारून कळत नाही का, भांडी कशाला बघायची.  ते नाक्यावरचं सांगायला लागले. पोलीस ॲक्शनच्या आधी एका बाजूचे लोक पळाले, नंतर दुसऱ्या बाजूचे. सगळे त्याच रस्त्याने. वरून हुकूम होता की प्रत्येक गाठोडं सोडून बघा, सोनंनाणं जातंय का. काकांनी सोडली. एका बाईच्या गाठोड्यात जात्याची नुसती वरची तळी होती. खालची राहिली होती घरी. एकाच्या गाठोड्यात कुलूप होतं, किल्ली नव्हती. "तोंडानं समदे सांगायचे, काय नाय साहेब, जरा पावण्याकडं चाललो," काका म्हणाले. "गाठोडं खोटं बोलत नाय, पोरी." त्यानंतर मी त्यांना पुन्हा त्याबद्दल विचारलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमची मंडळी वाळली. छावणीतल्या आडांना चिखल लागला. आमच्यातले कितीतरी लोक खेड्यापाड्यांतून शेतावरच जगणारे; ते खडीच्या कामावर गेले. रविवारची थैली हातात घेतली की वजन लागेना. कापणीच्या सणाला वेदीपुढे एरवी पोत्यांची रास लागायची, त्या वर्षी एक म्हातारी चिंचा घेऊन आली आणि कुणीतरी मिरच्यांची एक परडी. लिलाव पुकारायला उभा राहिलेला माणूस त्या मिरच्यांकडे बघून खालीच बसला.

पंचांची बैठक भरली. खजिनदार अब्राहामराव म्हणजे काही दगडाच्या काळजाचा माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी मांडलं ते असं, की मंडळीतल्याच दोन विधवांनी भांडी विकली आहेत, पाळकसाहेबांना पगार नाही, तेव्हा पाऊस पडेपर्यंत बाहेरचा वाटा बंद ठेवून तो घरच्यांना द्यावा. सगळ्यांच्या माना हलल्या. मलाही त्यात चूक दिसेना.

काका उभे राहिले. ज्यांनी आयुष्यभर अर्ज नामंजूर केले, ते याला विरोध करतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "घरच्यांना वाटायला ठराव कशाला लागतो? घरचे दिसतातच. ठराव बाहेरच्यांसाठी हाय."

अब्राहामरावांनी त्यांना समजावलं. पाळकसाहेबांनी समजावलं. काका उभेच. शेवटी हात वर करायला सांगितले. काकांच्या बाजूने दोनच हात होते, एक त्यांचा आणि एक माझा, आणि माझाही जरा उशिराच वर गेला. वाटा बंद झाला.

काकांनी चौकशी मात्र थांबवली नाही. द्यायला काही नसताना ते झाकणं उघडत फिरत राहिले. लोक चिडत. एका बाईने तर त्यांना स्पष्ट विचारलं की आता काय बघायला येता, देणार तर काही नाही. काका म्हणाले, "कुणीतरी बघितलेलं बरं असतं."

त्याच उन्हाळ्यात भिवराबाई आली. धनगराची बाई, कन्नड तालुक्याकडची. अर्धी मेंढरं मेली होती, उरलेली घेऊन नवरा चाऱ्यामागे लांब निघून गेला होता. ती मुलीला घेऊन खडीच्या कामासाठी शहराकडे आली आणि चर्चच्या कुंपणाला लागून असलेल्या लिंबाखाली राहिली. तीन दगडांची चूल, एक पातेलं, एक घोंगडी. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. डोळे मोठे, पोट पुढे आलेलं. भिवराबाई तिला 'बाय' म्हणून हाक मारायची.

काकांनी पहिल्याच आठवड्यात जाऊन झाकण उचललं. आत रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या कण्या होत्या, आणि त्याही सकाळच्या. त्यांनी दरियाफ्त केली. गाव कोणतं, नवऱ्याचं नाव काय, मेंढरं किती होती, किती मेली, भाऊ आहे का, तो कुठे असतो. भिवराबाईने दगड फोडून सोललेल्या हातांनी पदर सावरत सगळं सांगितलं. बैठकीत काकांनी उभं राहून नेहमीसारखी सिफारिश केली. अब्राहामरावांनी आठवण करून दिली की वाटा बंद आहे. काका म्हणाले, मालूम आहे, नोंद असावी म्हणून सांगितलं. त्यानंतर ते स्वतःच्या घरून तिला पीठ नेऊन देत. मला हे भिवराबाईनेच सांगितलं. काका ते कबूल करत नसत.

मग मुलीला हगवण लागली. दुष्काळी पाणी, दुसरं काय होणार. दोन दिवस भिवराबाईने अंगावर काढलं. कामावर नाही गेलं तर मजुरी नाही, मजुरी नाही तर कण्याही नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटून मी येत होते, तर चर्चच्या फाटकाशी टांगा उभा आणि काका त्या मुलीला घोंगडीत गुंडाळून वर चढवताना दिसले. मीही चढले.  दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं तेव्हा मुलीच्या नाकाशी बोटं धरून भिवराबाई माझ्याकडे बघायला लागली. फाटकातच एक डॉक्टर भेटले. त्यांनी टांग्यात वाकून नाडी बघितली, पापणी वर केली आणि घोंगडी परत नीट केली.

भिवराबाई रडली नाही. ती एकच म्हणाली, "तिला माती द्यायची हाय, बाबा. आमच्यात जाळत नाय." तिला शहरात कुणी ओळखीचं नव्हतं. आपल्या लोकांची जागा कुठे आहे, तिथे कुणाला विचारायचं, तिला ठाऊक नव्हतं, आणि त्या उन्हात ते शोधत फिरायला वेळही नव्हता. काकांनी टांगेवाल्याला सांगितलं, "कबरस्तानाकडं घे."

आमच्या कबरस्तानाची जमीन म्हणजे वर हातभर मुरूम आणि खाली काळा दगड. चांगल्या वर्षातही कबर खणायला दोन माणसांचा दिवस जातो. त्या वर्षी कुदळ मारली की नुसती ठिणगी उडायची. खणणारा हसन म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत होईल तर होईल. भिवराबाई मुलीला मांडीवर घेऊन एका कबरीच्या सावलीला बसली होती. माशा हाकत होती.

इथे काकांची आणखी एक गोष्ट सांगावी लागते. त्यांच्या बायको राहेलबाई वारून बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. राहेलबाई गेल्या तेव्हाच काकांनी मंडळीत रक्कम भरून शेजारची जागा स्वतःसाठी घेतली, ती खणूनही घेतली, आतून विटांनी बांधली आणि वर शहाबादी फरशी टाकली. आपल्या वेळेला खणायला कोण असेल-नसेल, खडक लागला तर लोक उथळच उरकतील, अशी त्यांची भीती. दरवर्षी ईस्टरच्या आधी ते हसनला घेऊन ती फरशी सरकवत, आत वाकून साप-विंचू बघत, झाडून घेत, आणि फरशी लावून टाकत. पोरं याला 'काकांची खोली' म्हणत. बायकोच्या कबरीला चुना लावून झाला की उरलेला चुना ते आपल्या फरशीला लावत.

काकांनी हसनला त्या फरशीकडे बोट दाखवलं. हसन उभाच राहिला. मग काका स्वतः वाकले, तेव्हा त्याने पुढे होऊन पहार घातली.

तेवढ्यात अब्राहामराव आणि पाळकसाहेब आले. कुणीतरी सांगितलं असावं. अब्राहामरावांचं म्हणणं बरोबरच होतं. कबरस्तान मंडळीचं, त्याचा नियम आहे, बाप्तिस्मा नसलेल्याला इथे ठेवता येत नाही. आज एक ठेवलं तर उद्या कुणाला नाही कसं म्हणणार? ते आवाज न चढवता बोलत होते, कारण ती बाई तिथेच बसली होती.

काका म्हणाले, "कबरस्तान मंडळीचं. ही जागा माझी. माझ्या घरात कोण पावणा ठेवायचा ते मी ठरवीन."

"आणि मग तुमचं काय, काका?" अब्राहामरावांनी विचारलं.

"माझी मला घाई नाय."

अब्राहामराव पाळकसाहेबांकडे बघायला लागले. पाळकसाहेबांनी बगलेतलं पुस्तक उघडलं नाही, पण ते गेलेही नाहीत. चपला काढून बाजूला उभे राहिले.

हसन आत उतरला. भिवराबाईने कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला, मुलीच्या कपाळाला लावला, उरलेला घोंगडीवर टाकला. घोंगडी तिने काढून घेतली नाही. हसनने मुलीला खाली घेतलं आणि तो वर बघून हळू म्हणाला की ही जागा फार मोठी होतेय, मध्ये विटा लावून लहान करू का. काकांनी मान हलवली. "असू दे. आजवर कुणी तिला येवढी जागा दिली नसंल," ते म्हणाले.

मातीची पहिली मूठ भिवराबाईने टाकली. दुसरी काकांनी. तिसरी पाळकसाहेबांनी. अब्राहामराव तिथून निघाले होते, ते फाटकापर्यंत जाऊन परत आले आणि त्यांनीही टाकली. पण वार्षिक सभेत त्यांनी हा विषय मांडलाच, आणि तोही त्यांच्या दृष्टीने योग्यच होता. काकांना चौकशीच्या कामातून मोकळं केलं गेलं. कुणी वाईट बोललं नाही. वयाचा उल्लेख झाला, आजवरच्या सेवेबद्दल आभार मानले गेले, आणि मोगऱ्याचा हार घातला. काका तो हार गळ्यात तसाच ठेवून घरी गेले.

पुढे पाऊस पडला. थैलीला पुन्हा वजन आलं, बाहेरचा वाटा सुरू झाला. नवे चौकशीचे वडील अर्ज वाचून ठरवतात आणि वाटा मनीऑर्डरने जातो. काम सुरळीत चालतं. कुणाच्या घरात कुणी शिरत नाही. भिवराबाई पहिल्या पावसातच निघून गेली होती, जाताना काकांच्या पाया पडली होती. पेरणीच्या मजुरीला गेली असेल, असं समजून मीही विचारपूस केली नाही. काका जेवणखाण बरं करत होते की नाही, कोण जाणे. रविवारी त्यांचा कोट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसायचा. आता त्यांच्या बाकावर एखाददुसरं माणूस बसायला लागलं होतं. काका छत्री उचलून जागा करून देत.

हिवाळ्यात ते मिस्त्रीकडे गेले. राहेलबाईंच्या शेजारी त्या मुलीसाठी दगड बसवायचा होता. मिस्त्रीने विचारलं, नाव काय टाकायचं?  काकांनी भिवराबाईला गाव विचारलं होतं, नवरा विचारला होता, मेंढरं मोजून घेतली होती. मुलीचं नाव विचारलं नव्हतं. ते माझ्याकडे आले. मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनीही 'बाय' एवढंच ऐकलं होतं.

मी म्हटलं, नुसता क्रूस काढा. मग माझं मलाच लक्षात आलं की क्रूसही काढता येणार नाही.

त्यानंतर काका कन्नडला जायला लागले. बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसटीने जायचं, मेंढरांच्या बाजारात उन्हात फिरायचं, दिसेल त्या धनगराला विचारायचं, आणि शेवटच्या गाडीने परत यायचं. वय झालं होतं, गुडघे दुखत होते. मी अडवून पाहिलं, पाळकसाहेबांनीही सांगून पाहिलं. नव्या वडिलांनी पोस्टकार्ड टाकावं असं सुचवलं. काका म्हणाले, मेंढरांमागं फिरणाऱ्याला पोस्टमन कुठं सापडायचा. कितीतरी बाजार असे गेले. दर वेळी ते परत आले की मी दारात उभी राहून बघे आणि ते लांबूनच हात हलवून नाही म्हणत.

एका बाजाराच्या दिवशी त्यांनी हात हलवला नाही. आले, पायऱ्या चढले आणि ओसरीवरच्या बाकावर बसले. मी पाणी दिलं, चहा ठेवला. आमच्या चुलीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

भिवराबाई भेटली होती. भावाच्या मेंढरांच्या वाड्यावर होती. नवरा परत आला नव्हता, काही निरोपही नव्हता. तिने काकांना लांबूनच ओळखलं, आणि बाजारातल्या एका झाडाखाली घोंगडं टाकून बसवलं. भाकरी दिली.

"ठकू," काका म्हणाले. "ठकू नाव होतं. मिस्त्रीला सांगून आलो."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

"मग तिनं इचारलं, बाबा तुमाला लेकरं किती." ते अंगणाकडे बघत बोलत होते. "म्हणलं, एक व्हती. पोरगी."

 काकांना मूल नव्हतं हे छावणीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"केवढी गेली म्हणून इचारलं. म्हणलं, तुझ्या ठकूएवढीच." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग काय, रडाया लागली. तिच्या पोरीसाठी नाय रडली ती तवा. माझ्यासाठी रडली. पाठीवर हात ठिवून बाजार उठंपतूर माझी समजूत घालत बसली, पोरी."

चहावर साय धरली होती. काकांनी ती बोटाने बाजूला केली.

"आन् म्या घालू दिली."